तुम्ही विचारलंत म्हणून: वेळ शिल्लक असताना मी का थांबले

आयर्नमॅन शर्यत (पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ) अर्धवट सोडून परत आल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. पोहण्याच्या तलावावर भेटणारी तरुण मुले "ताई, मन कमी पडलं का?" असे थेट विचारतात, कार्यालयातले सहकारी "शेवटच्या आठवड्यांत मानसिक तयारी थोडी राहून गेली का हो?" असे आडवळणाने विचारतात, आणि नात्यातले एक काका प्रत्येक लग्नाच्या पंगतीत "अगं, चालत तरी जायचंस" एवढेच म्हणून जिलेबी वाढून घेतात. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता पुन्हा डिसेंबर जवळ आला आहे, मी पुन्हा नाव नोंदवले आहे आणि प्रश्नही पुन्हा सुरू झाले आहेत, म्हणून एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवते.

तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी लांबवत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बसल्टनला मी 3.8 किलोमीटर पोहले, 180 किलोमीटर सायकल चालवली आणि 42.2 किलोमीटर धावण्यापैकी सत्ताविसाव्या किलोमीटरवर थांबले. 17 तासांच्या मुदतीतले 3 तास 50 मिनिटे तेव्हा शिल्लक होते. उरलेले 15 किलोमीटर मी मंडईत भाजी बघत फिरावे तशी चालत गेले असते, तरी पोचले असते. पायाला दुखापत नव्हती, चक्कर येत नव्हती, वैद्यकीय पथकाने मला बाजूला काढले नव्हते. हा हिशेब काकांना जमतो तसा मलाही जमतो.

परतल्यावर आठवड्याभरात मी आमच्या सायकल गटासाठी एक वृत्तान्त लिहिला होता आणि त्यात "खोकल्यामुळे शरीराने साथ सोडली" असे एक वाक्य होते. खोकला खरा होता, त्यामुळे वाक्याला कोणी खोटे म्हणू शकणार नाही. पण तो खोकला कुठून आला हे त्या वृत्तान्तात नाही, आणि त्याचा मला उपयोग काय झाला हे तर मुळीच नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांना आम्ही 'टेपर' म्हणतो. सरावाचा वेळ टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायचा, वेगाचे छोटे तुकडे मात्र तसेच ठेवायचे. निरनिराळ्या अभ्यासांचा 2007 साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात साधारण दोन आठवडे, सरावाचे प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी कमी करणे सर्वांत लाभदायक ठरते असे दिसले होते, आणि अनेक प्रशिक्षक साधारण त्याच चौकटीत वेळापत्रक आखतात. माझ्या वेळापत्रकात आठवड्याचे 14 तास आधी 10, मग 7 आणि अखेरच्या आठवड्यात 4 होणार होते. कागदावर हे वाचताना सुट्टी लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पाय जड होतात, कारण स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणीही साठते. वजनाचा काटा किलोभर पुढे सरकतो. वर्षभर गप्प बसलेला गुडघा जिना उतरताना बोलू लागतो. शरीर भरून येत असते आणि आपल्याला मात्र ते बिघडत चालल्यासारखे वाटते. हे सगळे मला तोंडपाठ होते. मी ते नव्या मुलांना समजावूनही सांगत असे. त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी, रविवारी आले होते. त्याच्या आदल्या रविवारी माझी शेवटची लांब सायकलफेरी व्हायची होती, 160 किलोमीटरची. पण कामावरून तातडीचा फोन आला आणि मी 110 वर परतले. राहिलेले 50 किलोमीटर मी आठवडाभर सावकाराच्या व्याजासारखे डोक्यावर वागवत होते. प्रशिक्षकांनी स्वच्छ सांगितले होते की राहिलेला सराव राहिला, तो आता भरून काढायचा नाही, या रविवारी फक्त 3 तास. म्हणजे कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळा आणि नीरेच्या पुलावरून परत.

पुलावर मी पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. कठड्याला सायकल टेकवून मी एक केळे खाल्ले. महामार्गावरून साताऱ्या-कोल्हापूरकडे गावी निघालेल्या गाड्यांची रांग सुटत नव्हती. प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून उशा आणि फराळाचे डबे दिसत होते, आणि पुलाच्या अलीकडे एक बाई झेंडूचे ढीग लावून बसली होती. नीरा ही पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द आहे, आणि मी त्या हद्दीवर उभी राहून स्वतःशी वाद घालत होते, असे लिहिले तर ते नाटकी वाटेल. खरे तर वाद वगैरे काही झाला नाही. मी केळ्याची साल खिशात कोंबली, फोन बंद केला आणि पुढे निघाले. फोन बंद केला, यावरून तुम्हाला जे कळायचे ते कळेल. तो मी बॅटरी वाचवण्यासाठी बंद केला असे मी पुढे वर्षभर स्वतःला सांगत होते.

शिरवळ गेले, खंडाळा गेले, खंबाटकीचा घाट मी छान चढले, आणि सुरूर फाट्यावर परत फिरायचे ठरवूनही आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत गेले. येताना बोगद्यापर्यंतचा चढ डोक्यावर उन्हे घेऊन झाला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते अपघातांसाठी कुप्रसिद्ध वळण आले. तिथे ट्रकच्या रांगेत ब्रेक दाबताना माझे हात थरथरत होते, आणि शिरवळला उसाच्या रसाचे दोन पेले घेऊनही ते थांबले नाहीत. घरी पोचायला तीन वाजले. एकूण 170 किलोमीटर.

दारात सासूबाई रांगोळी काढत होत्या. "अगं, एवढा उशीर? फोनही लागत नव्हता," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "पंक्चर झालं. दोनदा." संध्याकाळी पूजेला बसले तेव्हा अंगावर काटा येत होता आणि नैवेद्याची वाटी हातात धरवत नव्हती. रात्री डायरीत लिहिले: "21 दिवस बाकी. 170 किमी. मन शांत." ती डायरी आता समोर आहे, आणि 'मन शांत' ही अक्षरे इतर पानांपेक्षा जास्त दाबून लिहिलेली आहेत.

पाडव्याला सुट्टी म्हणून नवऱ्याने सायकल साफ करायला घेतली. ऑस्ट्रेलियात विमानतळावर मातीचा कणही चालत नाही, बूट आणि टायर उलटसुलट करून पाहतात, म्हणून तो जुना दातांचा ब्रश घेऊन गॅलरीत बसला होता. सीटखालची पिशवी त्याने रिकामी केली. दोन्ही जादा ट्यूब आत होत्या, कारखान्यातून येतात तशाच घडी घातलेल्या, रबरबँडसकट. मी खिडकीतून पाहत होते. त्याने दोन्ही उलटून पाहिल्या, त्यांवरची पांढरी पूड बोटाने पुसली आणि परत पिशवीत ठेवल्या. संध्याकाळी मी त्याला ओवाळले, त्याने ताटात पाकीट ठेवले, आणि आम्ही दोघांनी पंक्चरचे नाव काढले नाही.

भाऊबीजेला घसा धरला, दुसऱ्या दिवशी ताप चढला. सहा दिवस काहीच सराव झाला नाही आणि नंतर राहिला तो कोरडा खोकला. आता, ताप 170 किलोमीटरांमुळेच आला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही; दिवाळीत घरी पंधरा माणसे होती आणि त्यांतली तीन शिंकत होती. हा बचाव आहे हे मला कळते. पण तो खरा असण्याचीही शक्यता आहे, आणि मला विचारणाऱ्या माणसांना शक्यता नको असतात.

आता 'मानसिक तयारी' या शब्दाकडे येते, कारण ती मी केली नाही असे जे गृहीत धरले जाते, त्याचा मला राग येतो. मी ती रोज रात्री 15 मिनिटे केली, तापातही केली. डोळे मिटून मी शर्यत पाहत असे आणि तिच्यात संकटे घालत असे: कोणाची तरी लाथ बसून गॉगल निघाला आहे, वाऱ्यात सायकल पंक्चर झाली आहे, पोटात काही ठरत नाही. बसल्टनचा लाकडी धक्का 1,841 मीटर समुद्रात गेलेला आहे आणि पोहण्याचा मार्ग त्यालाच वळसा घालतो. 2017 साली तिथे शार्क दिसल्यामुळे पोहणाऱ्यांना पाण्याबाहेर काढून तो टप्पाच रद्द करावा लागला होता. त्या शार्कलाही मी माझ्या 15 मिनिटांत जागा दिली होती. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात पोहताना घालायचा घट्ट रबरी पोशाख, घालण्याचा सराव मी न्हाणीघरात, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून, घड्याळ लावून केला, कारण पुण्याच्या कोमट तलावात तो घालून पोहणे म्हणजे कुकरमध्ये बसणे. आणि 1982 सालच्या हवाईच्या आयर्नमॅन शर्यतीची ती चित्रफीत तर मी असंख्य वेळा पाहिली, जिच्यात स्त्रियांत सर्वांत पुढे असलेली ज्युली मॉस अंतिम रेषेपासून काही पावलांवर कोसळते, दुसरी स्पर्धक तिला मागे टाकून जाते, आणि ज्युली रांगत रेषा ओलांडते. प्रत्येक व्याख्यानात ती दाखवतात. मी रांगायला पूर्ण तयार होते.

रांगण्याची वेळच आली नाही. समुद्र स्वच्छ होता, 1 तास 37 मिनिटांत मी बाहेर आले. सायकलवर वारा होता पण पंक्चर नव्हते. धावायला लागले तेव्हा खोकला होता, दर दहा मिनिटांनी उबळ येई आणि जाई. किनाऱ्यालगतच्या फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीत अंतिम रेषेजवळून जावे लागे, तिथे नावे पुकारलेली ऐकू येत, आणि मग पुन्हा त्या आवाजाकडे पाठ करून निघायचे. तिसऱ्या फेरीत, सूर्य मावळायच्या सुमारास, मला कळले की काहीही वाईट घडलेले नाही. माझ्याजवळ तयार ठेवलेले एकही उत्तर लागू होत नव्हते. नुसता कंटाळा होता, पाय दुखत होते, आणि अजून तीन तास हेच चालणार होते. या प्रसंगाची मी एकही रात्र तालीम केली नव्हती.

तेवढ्यात उबळ आली आणि मी ती ओळखीचे माणूस भेटल्यासारखी धरली. पदपथाच्या कडेला बसले. नवरा कठड्याच्या पलीकडे उभा होता. त्याला माझ्याबरोबर चालण्याची परवानगी नव्हती, बोलण्याची होती. मी म्हटले, "खोकला." तो म्हणाला, "हो." मी म्हटले, "बास झालं." तो पुन्हा म्हणाला, "हो." तो "अजून वेळ आहे" म्हणाला असता तर मी उठले असते का, हे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "तू घरी पंक्चर म्हणालीस तेव्हाही मी काही म्हणालो नव्हतो." यापुढे आमचे या विषयावर बोलणे झालेले नाही.

म्हणून तुम्ही "मन कमी पडलं का" विचारता तेव्हा मला कोणत्या मनाबद्दल बोलावे हे कळत नाही. नीरेच्या पुलावरून पुढे गेले तेही मनच होते, आणि त्या दिवशी ते काही कमी पडले नव्हते, उलट उतू जात होते. त्या 170 किलोमीटरांनी मला ताप दिला की तीन आठवडे पुरेल अशी एक सबब दिली, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वृत्तान्त लिहिणारी मी म्हणते की असा खोकला असताना 13 तास काढले, हेच पुष्कळ झाले. आजची मी म्हणते की ते 13 तास काढणारीला आणखी 3 तास चालता आले असते. पहिली विचारते, तू त्या पदपथावर बसली होतीस का? आणि याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण बसले होते ती मीच, आणि तरीही त्या क्षणी नेमके काय वाटले ते मला आठवत नाही. आठवतो तो बुटातला ओला मोजा आणि शेजारून चालत गेलेले एक सत्तरीचे गृहस्थ, जे मला पाहून थांबले नाहीत.

यंदा प्रशिक्षकांनी रात्रीच्या 15 मिनिटांत संकटे घालायला बंदी केली आहे. मी डोळे मिटून तिसरी फेरी पाहते, जिच्यात काही घडत नाही. बहुतेक वेळा मला झोप लागते. ही तयारी झाली की नाही, मला माहीत नाही.

उद्या रविवार आहे, शर्यतीला तीन आठवडे आहेत आणि वेळापत्रकात 3 तास लिहिलेले आहेत. आज संध्याकाळी मी सीटखालची पिशवी भरायला घेतली तेव्हा नवऱ्याने विचारले, "ट्यूब एक नेतेस की दोन?" मी म्हटले, "एक पुरे." त्याने दुसरीही आत सरकवली आणि चेन लावली.