सामूची नोंदवही: कास ते माण पट्टा, आणि उंचीचा फसवा आलेख

साताऱ्याजवळच्या कास पठारावरून यवतेश्वर उतरून संगम माहुली आणि पुढे माण तालुक्यातली दहिवडी, या रेषेचे मातीचे नमुने जमलेत. उंची विरुद्ध सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) असा आलेख मात्र एवढ्यात काढू नका. तो दिसायला झकास येतो: कासला साधारण १२०० मीटरवर जांभ्याची माती, सामू बहुतेक ५ ते ६, खाली कृष्णाकाठची काळी, ७.५ ते ८.५. पण इथे उंचीबरोबर पाऊस आणि खडकही बदलतो. पठारावर पावसाने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेलं, लोह-ॲल्युमिनियम तेवढं उरलं. माणात धुऊन न्यायला पाऊसच नाही, म्हणून चुनखडी जागच्या जागी. श्रेय उंचीला द्यायचं कशाला?

अलास्काच्या उत्तरेकडची टुंड्रा यासाठीच बघण्यासारखी आहे. टूलिक सरोवराच्या परिसरात फारसा चढउतार नसतानाही सामू ५.५ च्या खाली असलेली आणि वर असलेली टुंड्रा शेजारी-शेजारी सापडते. जुन्या हिमनद्यांनी टाकलेल्या गाळातला चुना केव्हाच झिरपून गेलाय, वर स्फॅग्नम शेवाळ आम्लात भर घालतं. नंतरच्या हिमनदीचा गाळ अजून चुनेदार आहे. नदीपात्रातली चुनेदार धूळ जिथे उडून बसते, किंवा गोठण्या-वितळण्याने खालची माती वर ढकलली जाते, तिथेही सामू चढा राहतो.

म्हणून आता एकाच टेकाडावर, एकाच खडकावर माथा, मधला उतार आणि पायथा असे तीन नमुने. वरची १५ सेंमी माती, पाच-सहा जागची मिसळून अर्धा किलो. पठारावर कातळ बोटभर खालीच लागतो. तिथे खोलीची नोंद हवीच. राब भाजलेली जागा टाळा, राखेने सामू चढतो. सिमेंटच्या मोरीजवळचीही नको. कासच्या संरक्षित भागातली माती परवानगीशिवाय उचलायची नाही. बाहेरच्या माळावर मालकाला विचारून घ्या.

माती सावलीत वाळवा, २ मिमी चाळणीतून काढा. १० ग्रॅम माती, २५ मिली डिस्टिल्ड वॉटर, अधूनमधून ढवळत अर्धा तास. मोजताना सामू-मीटरच्या इलेक्ट्रोडचं टोक तळाच्या गाळात रुतलं की आकडा खाली घसरतो. वरच्या गढूळ पाण्यात धरा आणि सगळ्या नमुन्यांना तीच सवय ठेवा. मीटर जुळवायला ठरावीक सामूची द्रावणं, म्हणजे बफर, लागतात: जांभ्यासाठी ४ आणि ७ चे, काळ्या मातीसाठी ७ आणि ९.२. पेन-मीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणारे बरेच जण आहेत. त्याने इलेक्ट्रोड लवकर मरतो, पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण वापरा.

खरी गोची मोसमाची. सप्टेंबरात पठारावर पाणी साचतं, हवा कोंडते, लोहाचं क्षपण (ऑक्सिजनअभावी होणारी रासायनिक क्रिया) होताना आम्ल खर्ची पडतं आणि सामू ७ कडे सरकतो. उन्हाळ्यात क्षार वर साचले की पाण्यातलं माप उलट कमी येतं. क्षारांचा हा खेळ झाकायला दुसरा पेला ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडचा ठेवा, लिटरला १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. त्यात आकडा साधारण अर्ध्या एककाने कमी दिसतो, तेव्हा दोन्ही रकाने वेगळे. साचलेल्या पाण्याचा परिणाम मात्र यानेही जात नाही; त्यासाठी मेमध्ये त्याच जागांचे नमुने पुन्हा घ्यायचे आहेत. माणच्या नमुन्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका; फसफसलं तर मोकळा चुना आहे आणि त्या मातीचा सामू ८ च्या आसपासच अडकून राहणार.