दिवाणाखालची मिसळ

मिसळला पहिल्यांदा बघायला विश्रांतवाडीला गेले, तेव्हा दिसली ती फक्त शेपटी, वॉशिंग मशीनच्या मागून डोकावणारी. काळी, केशरी, पांढरी, म्हणून नाव मिसळ. तिला दत्तक देणाऱ्या संस्थेकडे पिंजरे नाहीत की स्वतःची जागा नाही. सोडवून आणलेली मांजरं घर मिळेपर्यंत स्वयंसेवकांच्या घरीच राहतात. मिसळला सांभाळणाऱ्या ताईंनी चहा पुढे केला आणि सांगून टाकलं, "मांडीवर बसणारं मांजर हवं असेल तर हिला नेऊ नका."

ऐन पावसात कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटखाली ती सापडली, तेव्हा चारेक महिन्यांची होती. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. हिचे ते दिवस रस्त्यावर गेले. ताईंकडे सहा महिने काढूनही ती हाताला लागायची ती रात्री, दिवे मालवल्यावर.

मग फॉर्म. घर भाड्याचं आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, लग्न ठरलं तर मांजराचं काय? आई म्हणाली, "एवढी चौकशी तर स्थळं बघतानासुद्धा करत नाहीत." व्हिडिओ कॉलवर संस्थेच्या लोकांनी घराची एकेक खिडकी बघितली. आम्ही चौथ्या मजल्यावर. डासांची जाळी आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण ती जाळी मांजर नखांनी सहज फाडतं म्हणे. भक्कम जाळी बसेपर्यंत मांजर मिळणार नव्हतं. जाळीवाल्याने 'उद्या येतो' करत दोन आठवडे घालवले आणि मी मांजर घेतेय की गृहकर्ज, असं मला वाटायला लागलं. (सोसायटीतही कुरकुर झाली. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ सालचं परिपत्रक दाखवल्यावर ती थांबली.)

लसीकरण आणि नसबंदी झालेली होती. करारातली एकच अट मला महत्त्वाची वाटली: जमलं नाही तर मांजर परत संस्थेकडेच द्यायचं, परस्पर कुणाला नाही.

पण खरी कामाची गोष्ट म्हणजे ताईंनी हाताने लिहिलेला कागद. जेवण रात्री दहाला. कुकरच्या शिट्टीला घाबरते. टक लावून बघू नका. सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा. सोबत तिची चादर, मुद्दाम न धुतलेली.

घरी येताच मिसळ दिवाणाखाली गेली. पहिली रात्र काही खाल्लं नाही, दुसरा दिवसही तसाच. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर बेततं, हे वाचलेलं असल्याने माझा धीर सुटला. ताईंना फोन केला. "चिकन उकडा, मीठ-मसाला काही नको, कांदा-लसूण तर अजिबात नाही. ताटली आत सरकवा आणि खोलीतून निघून जा. तुम्ही तिथे बसून राहताय ना?" बसूनच होते मी, वाकून बघत.

सकाळी ताटली लख्ख. तिच्या शी-शूच्या वाळूत उकरलेला खड्डा बघून एखाद्याला इतका आनंद होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर रोज रात्री दिवाणाकडे पाठ करून मी जमिनीवर मोबाइल बघत बसायचे. एकोणिसाव्या दिवशी टाचेला काहीतरी गार लागलं. नाक होतं. मी श्वास रोखून धरला, तेवढ्यात वरच्यांनी खुर्ची सरकवली आणि सगळं मुसळ केरात.

आईला मांजराचं कौतुक नव्हतं. तिने मिसळकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही आणि मिसळला बहुतेक तेच आवडलं असावं. आता आई मेथी निवडायला बसली की ती हातभर अंतरावर येऊन बसते. माझ्यापासून मात्र दोन हात.

बेल वाजली की अजूनही दिवाणाखाली. सिलेंडरवाला येऊन गेला तर संध्याकाळपर्यंत बाहेर नाही. मध्यंतरी ताई तिला भेटायला आल्या होत्या. त्यांनाही शेपटीच दिसली. चहा पिऊन गेल्या.