गोट्यांचं घर

आज अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून पश्चिमेला तासाभरावरच्या चाइल्ड्स गावी गेलो. रस्त्याकडेला १८३४ सालचं चर्च, शेजारी १८४०च्या सुमाराचं वॉर्ड हाऊस नावाचं घर, थोडं पुढे १८४९ची शाळा. तिन्ही गोलसर दगडी गोट्यांच्या भिंतींची, तिन्ही आता संग्रहालयात जपलेली.

वॉर्ड हाऊस आतून छानच आहे, पण मी रेंगाळलो बाहेर, भिंतीपाशी. मुठीएवढे गोटे, ओळीने, जवळजवळ एकाच मापाचे! हिमनद्यांनी हजारो वर्षांपूर्वी आणून टाकलेले हे दगड नांगरताना शेतात निघायचे. ते वेचायचे, मापाने निवडायचे आणि चुन्यात बसवायचे. चुना सावकाश धरतो, त्यामुळे दिवसाकाठी मोजकेच थर चढत. केवढा तो धीर! ही बांधणी साधारण १८२५ ते १८६० एवढाच काळ चालली, आणि तीही मुख्यतः याच भागात. १९६० मध्ये इथल्या लोकांनी या इमारती जपायला संस्था काढली नसती, तर आज मला हे बघायला मिळालं असतं का कोण जाणे. त्यांचे मनापासून आभार.

निघताना दोन थरांमधल्या चुन्याच्या रेघेवर बोट फिरवलं. गवंड्याने थापीने ओढलेली ती धार अजून हाताला लागते.