मायना झाला, पुढे काय?

मित्राला पत्र लिहायला आपल्या शाळेने शिकवलं, पण गुणांपुरतं. मायना पाठ, शेवट पाठ आणि मधला मजकूर कोणीही कोणालाही धाडावा असा. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मी स्मरणिकेतली माझी जागा त्या मधल्या मजकुराला देतो.

वर उजवीकडे गाव आणि तारीख, सालासकट. ट्रंकेतून दहा वर्षांनी निघालेल्या पत्रावर नुसतं ‘सोमवार’ असेल तर काय उपयोग? मित्राला ‘प्रिय’ आणि ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ‘शि. सा. न. वि. वि.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, वडीलधाऱ्यांसाठी. ‘तीर्थरूप’ आपल्या आईवडिलांना, मित्राच्या वडिलांना ‘तीर्थस्वरूप’. इथे भलेभले चुकतात. दोस्त जिवलग असेल तर सरळ आपल्या अहिराणीत ‘काय रे भाऊ, बरं शे ना?’ लिहावं. त्याला पुस्तकी मायना परका वाटतो.

‘इकडील सर्व क्षेम’ यातून काहीच कळत नाही. एकच गोष्ट धरा आणि ती डोळ्यांपुढे येईल इतकी लिहा. ‘थंडी पडली’ नको. ‘मळ्यात काड्यांवर वांगी भाजली, भरीत झालं, कळण्याच्या भाकरी कमी पडल्या, तुझ्या वाट्याची मीच खाल्ली’ असं लिहा. मग त्याच्या प्रश्नांची उत्तरं. त्याचं मागचं पत्र समोर ठेवूनच लिहावं, नाहीतर निम्मी राहतात. शेवटी नेमकं विचारा: ‘बोअरला पाणी किती फुटांवर लागलं?’ ‘बाकी काय?’ला उत्तर येत नाही. राहिलेलं ता. क. मध्ये, एका ओळीत.

पैशाचं, भांडणाचं पोस्टकार्डावर नको. ते वाटेत कोणीही वाचतं. अंतर्देशीय पत्रात डिंकाच्या कडेला लिहू नये, फोडताना नेमके तेवढेच शब्द फाटतात.

पत्ता मात्र निवांत लिहावा. गावात पोस्ट असेल तरच ‘मु. पो.’ एकत्र, नसेल तर ‘मु.’पुढे गाव आणि ‘पो.’पुढे पोस्टाचं गाव. तालुका-जिल्हा गाळू नका. साकरी भुसावळ तालुक्यात आहे आणि साक्री धुळे जिल्ह्यात. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात. फरक सांगतो तो पिन: साक्री ४२४३०४, भुसावळ ४२५२०१. सहाही आकडे सुटे काढा. आपल्या १ आणि ९ ची गल्लत सहज होते. मागे प्रेषक म्हणून स्वतःचा पत्ताही पिनसकट लिहा, म्हणजे घर बदललेल्या मित्राचं पत्र निदान तुमच्याकडे परत येतं.