नॅस घेतलं, पण अडलं भिंतीतल्या वायरीत

घरी नॅस (म्हणजे राउटरला जोडून सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवायचा डिस्कचा डबा) घेऊन दोन महिने झाले, आता मस्त चाललंय, पण पहिल्या आठवड्याचा राग अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

गूगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट स्टोरेज जून 2021 ला बंद झालं तेव्हापासून आमच्याकडे नुसती ढकलाढकली, थोडे फोटो माझ्या लॅपटॉपवर, थोडे नवऱ्याच्या, बाकी तीन एक्सटर्नल डिस्कवर, त्यातली एक टकटक करायला लागली तेव्हा धाबं दणाणलं. जुन्या पीसीवर ट्रूनॅस, म्हणजे पीसीचंच नॅस करणारं सॉफ्टवेअर, टाका असं दिराचं म्हणणं, पण तो धूड दिवसरात्र चालू ठेवून बिल कोण भरणार? सरळ सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कवाला तयार डबा घेतला, 4 टीबीच्या दोन डिस्क, रेड वन म्हणजे एकीवर जे ते दुसरीवर. सेटअप अर्ध्या तासात. (जागा 8 नाही, 4 च मिळते, आणि विंडोज ती 3.6 दाखवतं, घाबरू नका.)

डबा ठेवला बेडरूममध्ये. राउटर हॉलमध्ये, मधली केबल भिंतीतून, ब्रॉडबँडवाल्यानेच टाकलेली. फोटो होते 1.4 टीबी, कॉपीला लावले तर स्पीड सेकंदाला 11 एमबी, त्याच्या वर काटा हलेचना. म्हणजे पस्तीस तास! आधी डिस्कवर संशय, परत करायला बॉक्स पण शोधून ठेवला.

मग ब्रॉडबँडवाल्यांना फोन. "मॅडम तुमचा प्लॅनच 100 चा आहे, 300 चा घ्या." अहो, मी बेडरूममधून हॉलमध्ये फाइल पाठवतेय, इंटरनेटचा संबंधच काय? परत तेच, 300 चा घ्या. तिसऱ्या फोनला विचारलं, "घरात कोणी जेन्ट्स आहेत का?" जेन्ट्स समोर शेंगदाणे खात बसलेले, त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. संध्याकाळी मेसेज, तक्रारीचं निवारण झालं आहे. दोनदा आला हा मेसेज, माणूस एकदाही नाही.

शेवटी मीच राउटरचं पान उघडलं. लॅपटॉपच्या पोर्टसमोर 1000, नॅसच्या समोर 100. तिथे ट्यूब पेटली, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 मेगाबिटला आठने भागलं की साडेबारा एमबी, वरखर्च जाऊन अकराच उरतात! डबा उचलून हॉलमध्ये चपलांच्या रॅकवर ठेवला, बॉक्समधलीच छोटी केबल लावली, स्पीड 110 एमबी. चार तासांत सगळं उरकलं, पण सासूबाई हॉलमध्ये झोपतात, सकाळी म्हणाल्या रात्रभर काय खुडबुडत होतं गं ते. म्हणजे बेडरूमची केबल नीट करणं भागच.

सहाव्या दिवशी माणूस उगवला. त्याने टोकाची पिन कापली तेव्हा मी शेजारी उभीच होते. केशरी आणि हिरवी जोडी पिनमध्ये, निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडलेली. आठातल्या चारच वायरी! म्हणे, "100 ला चारच लागतात मॅडम, नेट चालतंय ना?" बरोबर आहे त्याचं, 100 ला चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे 1000 ला, आठही लागतात. पण मग तीन फोनमध्ये हे एकालाही सुचू नये? दोन्ही टोकं दहा मिनिटांत करून दिली आणि वर दोनशे रुपये मागितले. दिले, काय करणार.

तर घेणार असाल तर डबा कुठला यावर महिनाभर डोकं फोडण्याआधी केबलची पिन उजेडात धरून रंग मोजा, पारदर्शक असते, दिसतं. राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत का तेही बघा, बऱ्याच फुकटात मिळालेल्या राउटरचे नसतात. डिस्क सीएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे ना हे घेण्याआधी विचारा, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. आणि रेड वन म्हणजे बॅकअप नाही, चुकून डिलीट केलं की दोन्हीकडून जातं, म्हणून एक एक्सटर्नल डिस्क मी आईकडे ठेवलीये, दर महिन्याला जाते तेव्हा बदलते.

हो, आणि छोटा यूपीएस घ्या, आमच्याकडे गुरुवारी लाइट जातात.