मोरचूद, खिळा आणि गूळ: या महिन्याची रेडॉक्स नोंद

रेडॉक्स म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांची जोडी. ऑक्सिजन मिळणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि ऑक्सिजन जाणे म्हणजे क्षपण, ही शाळेत पाठ केलेली व्याख्या माझ्या मनातून जाता जात नव्हती. म्हणून या महिन्यात मी मुद्दाम अशी अभिक्रिया निवडली, जिच्यात ऑक्सिजनची देवघेव होतच नाही.

१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) विरघळवून त्यात पॉलिश पेपरने घासलेला, जस्ताचा मुलामा नसलेला साधा खिळा सोडला. काही मिनिटांतच त्याच्यावर तांबूस साय धरली आणि सकाळपर्यंत द्रावणाचा निळा रंग फिका, हिरवट झाला. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन (विद्युतभारित अणू) होतो व पाण्यात उतरतो, हे ऑक्सिडीकरण. तेच दोन इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो आणि धातू होऊन खिळ्यावर बसतो, हे क्षपण. लोखंडाचे स्वतःचे ऑक्सिडीकरण होते म्हणूनच ते क्षपणक, म्हणजे दुसऱ्याचे क्षपण घडवणारे, ठरते, हा नावांचा उलटसुलट मामला मला तो तांबूस खिळा हातात घेतल्यावरच पटला.

हिशेबही पडताळला. लोखंडाचे अणुवस्तुमान ५५.८५ आणि तांब्याचे ६३.५५ असल्यामुळे १ ग्रॅम लोखंडामागे सुमारे १.१४ ग्रॅम तांबे मिळायला हवे. कोल्हापूरच्या गुजरीतील (सराफ बाजारातील) सराफांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा माझ्याकडे आहे. तांबे खरवडून, धुऊन, वाळवून पाहिले, तेव्हा खिळा ०.५० ग्रॅमने घटला होता आणि तांबे भरले ०.५४ ग्रॅम, म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.०३ कमी. धुताना बारीक कण पाण्याबरोबर गेलेले मी पाहिले होते, त्यामुळे पुढच्या वेळी गाळणकागद वापरणार आहे.

दुसऱ्या प्रयोगात बेनेडिक्ट द्रावण, म्हणजे क्षपणक साखर ओळखण्याचे निळे द्रावण, घेतले. त्यातही मोरचूदच असतो, सोबत धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट. कागलजवळच्या गुऱ्हाळावरून आणलेल्या गुळाचे पाणी एका परीक्षानळीत आणि साखरेचे दुसरीत घालून दोन्ही उकळत्या पाण्यात ५ मिनिटे धरल्या. गुळाची नळी आधी हिरवी, मग पिवळी आणि शेवटी विटकरी झाली. साखरेची निळीच राहिली. येथे तांब्याच्या आयनाने दोनऐवजी एकच इलेक्ट्रॉन घेतला आणि क्युप्रस ऑक्साइडचा साका तळाशी बसला. साखर म्हणजे सुक्रोज, ते असे इलेक्ट्रॉन देत नाही. पण काहिलीत रस आटताना आंबटपणा आणि उष्णता यांमुळे सुक्रोजचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि ही दोन्ही क्षपणक आहेत. तोडलेला ऊस पडून राहिला की हे फुटणे आधीच सुरू होते व गूळ नीट घट्ट होत नाही, म्हणूनच जाणता गुळव्या ताज्या उसाचा आग्रह धरतो.

तेच घरी घडवून पाहावे म्हणून साखरेच्या पाण्यात लिंबू पिळून उकळले, सोड्याने आम्लता घालवली, आणि नळी विटकरी झाली. आनंदाने नोंद लिहून झाल्यावर नुसत्या लिंबाच्या रसाची नळी तापवली, तर तिचाही रंग बदलू लागला, कारण रसातील साखर आणि क जीवनसत्त्व हेही क्षपणकच. ती नोंद मी खोडली. मग लिंबाऐवजी दुकानातले लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालून २० मिनिटे उकळले: नुसत्या लिंबूसत्त्वाची नळी निळीच राहिली आणि साखरेची विटकरी झाली.