दोन पेठांच्या दोन पेट्या

‘मॅडम, आमची पेटी वेगळी मोजायची. त्यांच्यात मिसळायची न्हाई.’

आमच्या बँकेच्या कॅश काउंटरच्या काचेपलीकडे दोन पेठांतली पोरं उभी होती. आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर त्यांचीच मॅच झालेली. पेठांतल्या तालमींच्या संघांचा फुटबॉल म्हणजे काय असतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. एरवी ही दोन टोळकी एका वेळी आत शिरली असती, तर आमच्या वॉचमननं शटरच ओढलं असतं. पण मध्यंतरात दोघांनीही गॅलरीत मदतीच्या पेट्या फिरवल्या होत्या आणि पैसे एकाच खात्यात जायचे होते.

खातं आठ महिन्यांच्या मुलीचं. पासबुकावर तिचं नाव, पुढं ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि मग वडिलांचं नाव. वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगला. मुलीला एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, टाइप १. जनुकातल्या दोषामुळं मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशीच मरत जातात. पोर हसते, आईला ओळखते, पण मान धरत नाही. खातं उघडताना आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकच हट्ट धरला होता: फ्लेक्सवर क्यूआर कोड छापायचा तर या खात्याचा, कुणा कार्यकर्त्याचा नाही. एक-दोघं रुसले. रुसू देत.

पेट्या फोडल्या. निम्म्या नोटा गुलालानं माखलेल्या. मशीन घेईना, म्हणून हातानं झटकून मोजायला बसले. माझी बोटं दोन दिवस गुलाबी होती. एक पाचशेची जुनी नोट निघाली, २०१६ साली बंद झालेली. टाकणाऱ्यानं भाबडेपणानं टाकली की हात झटकले, देव जाणे. शंभराची एक फाटकी नोट होती. ८० टक्क्यांहून मोठा तुकडा शाबूत असेल तरच पूर्ण पैसे मिळतात. ही अर्ध्यावरच बसत होती. ‘पन्नास लिहिते’ म्हटल्यावर मागनं एकानं मुकाट्यानं पन्नासची नोट सरकवली.

आणि एक दूध संस्थेचं पाकीट, स्टेपलसुद्धा न काढलेलं. आत दहा दिवसांचं दूध बिल, चिल्लरीसकट. आमच्या घरी म्हशी होत्या, त्यामुळं हे पाकीट घरात आलं की त्याचे किती वाटे ठरलेले असतात ते मला ठाऊक आहे. पेंड, दुकानदार, पोरांची फी. ते कुणाचं, हे दोन्ही पेठांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एक पेटी ९१,३१५ भरली, दुसरी ८८,७४०.

‘कितीनं कमी?’

‘अडीच हजारांच्या वर.’

मागं पडलेल्या पेठेतला पोरगा फोन कानाला लावून बाहेर पळाला. अर्ध्या तासात तीन हजार घेऊन हजर. लगेच समोरच्यांनी खिसे चाचपायला सुरुवात केली. वेळ झाली म्हणून कॅश बंद केली, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोली चालली असती. साहेब केबिनमधून हसत होते. जाताना दोघंही आपलीच पेटी जास्त भरली म्हणून भांडत गेले.

मुलीचे वडील तेवढा वेळ बाकड्यावर बसून होते. गर्दी गेल्यावर पासबुक पुढं केलं. शिल्लक साडेनऊ लाखांच्या आसपास.

‘मॅडम, हे किती दिवस पुरंल?’

सुरुवातीच्या फ्लेक्सवर १६ कोटींचं इंजेक्शन होतं. पाच आकडी पगाराच्या माणसाला १६ कोटी म्हणजे ऐकूनच हात गळतात. लोक दहा रुपये टाकायलासुद्धा लाजायचे. दुसरं औषध तोंडावाटे द्यायचं, रिसडिप्लॅम, रोज, आयुष्यभर. त्याची बाटली आधी सहा लाखांच्या घरात होती. २०२५ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या कोर्टात निकाल लागला आणि भारतीय कंपनीची बाटली १५,९०० ला आली. तेव्हापासून पेठेतल्या पेटीला अर्थ आला, असं माझं मत.

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद त्यांनी उलगडला. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध. पोर सहा किलोची, रोज १.२ मिलिग्रॅम, म्हणजे एक बाटली ५० दिवस. वर्षाला आठ बाटल्या धरल्या तर सव्वा लाखाच्या आसपास. त्यांचा चेहरा उजळला. मी पुढचं सांगू की नको असं झालं, पण हिशेब अर्धा सांगून चालत नाही. पोर दोन वर्षांची झाली की डोस वाढतो, वजन वाढेल तसा आणखी. वीस किलोची झाली की रोज पाच मिलिग्रॅम, बाटली बारा दिवसांत रिकामी, वर्षाला पाच लाखांच्या जवळ.

‘म्हंजे पोरगी वाढंल तसा खर्च वाढणार.’

‘हो.’

‘वाढू दे की मग,’ म्हणाले, आणि ठेवीचं विचारायला लागले. सगळे एकदम ठेवायचे होते. म्हटलं, दादा, एक मोठी पावती करू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या करा. बाटली घ्यायची वेळ आली की एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू. आणि सगळे इथंच ठेवू नका. ठेवींना विमा असतो तो एका बँकेत पाच लाखांपर्यंतचा, त्यावरचे दुसऱ्या बँकेत टाका.

साहेब नेमके तेव्हाच मागं येऊन उभे होते. जानेवारी चालू, मार्चचं ठेवींचं टार्गेट डोक्यावर. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि म्हणाले, ‘बरोबर सांगतायत मॅडम. साडेचार इथं ठेवा, बाकीचे पलीकडच्या बँकेत. तिथले मॅनेजर माझे मित्र आहेत, फोन करतो.’